अधिकारविभाजन प्रत्यक्षात कसे चालते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आणि नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या (सीबीएस) न्यायालयाच्या आवारात पक्षकारांच्या तोंडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विषय केंद्र सरकारचा असला तरी शक्य तेथे नाशिक जिल्ह्यातील उदाहरणे घेतली आहेत, कारण ज्या आदेशाचा आपल्याला चटका बसतो त्या आदेशामागचा अधिकार कोणाचा, हे शोधण्याची इच्छा आपोआपच होते.

अधिकारविभाजन म्हणजे नेमके काय?

कायदा करणे, तो अमलात आणणे आणि त्याविषयीच्या तंट्यांचा निवाडा करणे ही राज्यसत्तेची तीन कामे एकाच हाती असू नयेत, हे या तत्त्वाचे सार आहे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते ठळकपणे मांडले. आपल्याकडे ही तीन कामे अनुक्रमे संसद, केंद्रीय मंत्रिमंडळ व त्याच्या हाताखालील प्रशासन आणि न्यायालये यांच्याकडे आहेत. मात्र या तिघांमध्ये सारख्याच उंचीच्या भिंती आहेत असे समजून जो पुढे जातो त्याचा लवकरच गोंधळ होतो. संसद आणि मंत्रिमंडळ यांच्यातील पडदा मुद्दामच पातळ ठेवलेला आहे, तर न्यायालये आणि उरलेले दोघे यांच्यातील भिंत बरीच जाड आहे. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकावर उभी आहेत.

राज्यघटनेत हे तत्त्व कोठे लिहिले आहे?

एका ओळीत कोठेही लिहिलेले नाही. घटना समितीत प्रा. के. टी. शाह यांनी तिन्ही शाखा पूर्णपणे वेगळ्या ठेवणारे कलम घालावे अशी दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये सुचवली होती. ती फेटाळली गेली. स्पष्ट उल्लेख सापडतो तो अनुच्छेद ५० मध्ये, आणि तोही केवळ राज्याच्या लोकसेवांमध्ये न्यायपालिका कार्यकारी यंत्रणेपासून अलग करण्यापुरता. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्यामुळे त्याच्या आधारे थेट दावा लावता येत नाही.

तरीही घटनेची रचनाच या तत्त्वावर बेतलेली आहे. राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य या १९५५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भारतीय घटनेने हे तत्त्व त्याच्या संपूर्ण ताठरपणासह स्वीकारलेले नाही, परंतु प्रत्येक शाखेची कामे पुरेशी वेगळी केली आहेत आणि मूलतः एकीचे असलेले काम दुसरीने बळकावणे घटनेला अभिप्रेत नाही. पुढे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यानंतर अधिकारविभाजन हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला गेला, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही ते पुसून टाकता येत नाही.

मंत्री संसदेचेच सदस्य असतात. मग विभाजन उरले कोठे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला 'आपले विभाजन अपूर्ण आहे' असे उत्तर देऊन वेळ मारून नेणे बरोबर नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो, सभागृहात तो रोज प्रश्नांना उत्तरे देत नाही आणि बहुमत गेले म्हणून त्याचे पदही जात नाही. आपण याच्या उलट मार्ग पत्करला. मसुदा घटना मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे कारण सांगितले होते: कार्यकारी मंडळात स्थैर्य आणि जबाबदारी हे दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात मिळवून देणारी पद्धत अद्याप कोणाला सापडलेली नाही, आणि मसुद्याने अधिक स्थैर्यापेक्षा अधिक जबाबदारी पसंत केली आहे. अमेरिकी पद्धतीत सरकारच्या कामाचे मूल्यमापन ठरावीक मुदतीने होते, संसदीय पद्धतीत ते रोजच्या रोजही होते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या रोजच्या मूल्यमापनाची साधने कागदावर भक्कम आहेत. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावे लागते, अन्यथा पद सोडावे लागते. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा पडदा पातळ असण्याचा अर्थ साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. सत्ताधारी पक्षाचे सगळेच सदस्य मंत्री होऊन बसू नयेत म्हणून २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपुरती मर्यादित केली. ५४३ सदस्यांच्या लोकसभेला ही मर्यादा ८१ आणि महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेला ४३ पडते.

खरे दुखणे दुसरीकडे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात आले. पक्षांतराचा बाजार थांबवण्याचा हेतू चांगला होता, पण पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांच्यापुरताच बंधनकारक न ठेवता प्रत्येक मतदानाला लागू होऊ दिल्यामुळे सत्ताधारी बाकांवरचा खासदार स्वतःच्याच सरकारच्या साध्या विधेयकाविरुद्धही हात वर करू शकत नाही. जे काम करण्यासाठी पडदा पातळ ठेवला, तेच काम या तरतुदीने अवघड करून ठेवले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रपती कोणत्या शाखेत मोडतात?

दोन शाखांत. अनुच्छेद ५३ नुसार संघराज्याची कार्यकारी सत्ता त्यांच्या ठायी आहे आणि अनुच्छेद ७९ नुसार ते संसदेचा घटक आहेत. त्यांच्या संमतीशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही. प्रत्यक्षात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात.

कायदे संसद करते, तर कांद्याची निर्यातबंदी एका अधिसूचनेने कशी येते?

लासलगाव, पिंपळगाव किंवा उमराणे येथे लिलावासाठी ट्रॅक्टर उभा केलेल्या शेतकऱ्याला पडणारा हा प्रश्न अधिकारविभाजनाच्या अगदी गाभ्याला हात घालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिले, सप्टेंबरमध्ये ते निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. यांपैकी एकाही वळणावर संसदेत विधेयक मांडले गेले नाही. सकाळच्या लिलावात एक भाव आणि अधिसूचनेची बातमी आल्यावर दुसराच भाव, असा अनुभव बाजार समित्यांनी घेतला.

याचे कारण असे की, संसदेने हा अधिकार आधीच सरकारच्या हाती देऊन ठेवला आहे. परकीय व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३ नुसार केंद्र सरकार राजपत्रातील आदेशाने कोणत्याही मालाची आयात-निर्यात रोखू किंवा बंधनात ठेवू शकते. निर्यातशुल्काचा अधिकार सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ८ मधून येतो. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही, आणि सरकारचे म्हणणे असे की, तो अधिकार देणारा कायदा हा आहेच.

अशा सोपवलेल्या अधिकाराला मर्यादा आहे का? आहे. दिल्ली कायद्यांविषयीच्या १९५१ च्या अभिमतात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तपशील भरण्याचे काम सरकारवर सोपवता येते, पण कायद्यामागचे धोरण ठरवण्याचे मूळ काम संसदेला दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. शिवाय हे आदेश आणि अधिसूचना नंतर सभागृहापुढे ठेवाव्या लागतात, शुल्कवाढीला तर सभागृहाची संमती लागते, आणि दुय्यम नियमांची छाननी करणाऱ्या समित्या दोन्ही सभागृहांत आहेत.

आता वस्तुस्थिती. जगाच्या बाजारात भाव तासागणिक बदलत असताना प्रत्येक वेळी अधिवेशनाची वाट पाहणे शक्य नाही, हे मान्य करावेच लागते. पण नाशवंत मालाच्या बाबतीत आदेश सभागृहापुढे येईपर्यंत चाळीतला कांदा सडून गेलेला असतो, आणि नंतरची चर्चा शेतकऱ्याच्या कामाची राहत नाही. सोपवलेल्या अधिकारावरील संसदेचे नियंत्रण वेळेच्या बाबतीत येथे सपशेल तोकडे पडते. म्हणून न्यायालयात आव्हान द्यायचे झाले तरी 'हा निर्णय शेतकऱ्याच्या तोट्याचा आहे' एवढा मुद्दा पुरत नाही. आदेश मूळ कायद्याच्या चौकटीबाहेर गेला, किंवा तो मनमानी आहे, हे दाखवावे लागते.

नोटा नाशिकरोडला छापल्या जातात. पण नोट रद्द करण्याचा अधिकार कोणाचा?

पाचशेची नोट हातात घेऊन वाचली तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. पैसे देण्याचे वचन रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने आहे. वर 'केंद्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत' असे हमीचे शब्द आहेत. आणि या दोन्हींना बळ मिळते ते रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ या कायद्यातून. नाशिकरोडचे चलार्थ पत्र मुद्रणालय हे केंद्राच्या मालकीच्या महामंडळाचे युनिट असून त्याचे काम छपाईचे आहे. कोणत्या मूल्याची नोट चालेल, हे तेथे ठरत नाही. (एक रुपयाची नोट मात्र सरकार स्वतः काढते, म्हणून तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.)

८ नोव्हेंबर २०१६ रोजी जुन्या पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या या कायद्याच्या कलम २६(२) खाली काढलेल्या अधिसूचनेने. हे कलम म्हणते की, बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार कोणत्याही मूल्याच्या 'कोणत्याही मालिकेच्या' नोटा वैध चलन नसल्याचे जाहीर करू शकते. आधीच्या दोन वेळा, म्हणजे १९४६ आणि १९७८ मध्ये, मोठ्या नोटा वटहुकुमाने रद्द झाल्या होत्या आणि १९७८ चा वटहुकूम पुढे संसदेच्या कायद्यात रूपांतरित झाला. २०१६ मध्ये मूळ निर्णय अधिसूचनेने झाला. जुन्या नोटांबाबतची बँकेची जबाबदारी संपवणारा वटहुकूम डिसेंबरअखेरीस आणि त्याचा कायदा २०१७ मध्ये आला.

२ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही अधिसूचना वैध ठरवली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचे भिन्न मत मात्र या पानाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक वाचण्याजोगे आहे. प्रस्ताव बँकेच्या मंडळाकडून निघाला असता तर कलम २६(२) पुरेसे होते. पण तो सरकारकडूनच निघाला असल्यामुळे आणि एका मूल्याच्या सर्वच मालिका रद्द करायच्या असल्यामुळे तो कायद्याने किंवा वटहुकुमाने अमलात आणायला हवा होता, देशाच्या दृष्टीने इतक्या मोठ्या निर्णयापासून संसदेला बाजूला ठेवता येत नाही, असे त्यांनी लिहिले. निर्णय चांगला की वाईट हा अर्थशास्त्राचा वाद आहे आणि बहुमतानेही त्यात शिरण्याचे टाळले. घटनेचा प्रश्न एवढाच होता की, तो कोणत्या दाराने यायला हवा होता. त्या प्रश्नापुरते आम्हाला अल्पमत अधिक पटते.

वटहुकूम म्हणजे सरकारने केलेला कायदाच ना? मग संसद कशाला?

अनुच्छेद १२३ नुसार संसदेची दोन्ही सभागृहे एकाच वेळी अधिवेशनात नसताना आणि तातडीची गरज असताना राष्ट्रपती, म्हणजे वस्तुतः मंत्रिमंडळ, वटहुकूम काढू शकते. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो.

या सवलतीचा गैरवापर कसा होतो, ते पुण्यातील एका प्राध्यापकाने उघडकीस आणले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून दाखवले की, तेथे १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतले कित्येक मुदत संपताच जसेच्या तसे पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला घटनेची फसवणूक म्हटले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवणे ही सक्ती आहे आणि तो काढण्यामागची गरज न्यायालय तपासू शकते.

तिन्ही शाखा एकाच विषयावर एकामागून एक कशा हालतात, हे पाहायचे असेल तर तीन कृषी कायदे आठवावेत. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये संसदेची मंजुरी, १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आणि तज्ज्ञांची समिती, १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांकडून माघारीची घोषणा आणि २९ नोव्हेंबरला संसदेत निरसनाचे विधेयक मंजूर. यात कायदा जन्माला घालण्याची घाई कार्यकारी मंडळाने केली, सविस्तर छाननी संसदेने टाळली आणि कायदा प्रथमदर्शनी घटनाबाह्य असल्याची कारणमीमांसा न करताच न्यायालयाने स्थगिती देऊन मध्यस्थाची भूमिका घेतली. आंदोलकांना ती स्थगिती दिलासा वाटली असेल, पण वाटाघाटी घडवून आणणे हे न्यायालयाचे काम नव्हते.

निवडून न आलेले न्यायाधीश संसदेचा कायदा कसा रद्द करू शकतात?

कारण संसद सर्वश्रेष्ठ नाही, घटना आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत असेल असे अनुच्छेद १३ म्हणतो, आणि तो तसा आहे की नाही हे ठरवायला अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे व २२६ खाली उच्च न्यायालयाकडे जाता येते. ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. अमेरिकेत ही सत्ता घटनेच्या शब्दांत नव्हती, ती तेथील न्यायालयाने १८०३ मध्ये निकालाद्वारे प्रस्थापित केली. आपल्याकडे ती पहिल्या दिवसापासून लेखी आहे.

वादाचा भाग त्यापुढचा आहे, म्हणजे घटनादुरुस्ती रद्द करण्याचा. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले की, संसद घटनेत दुरुस्ती करू शकते पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. दोनच वर्षांत त्याची गरज दिसली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द केली. त्यांचे अपील प्रलंबित असतानाच ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेला गेला आणि ती निवड वैध असल्याचे घटनेतच लिहिले गेले. कायदा करणाऱ्यांनी एका विशिष्ट खटल्याचा निकाल स्वतःच लिहिला, असा याचा अर्थ होतो. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. गंमत अशी की, निवडणूक मात्र बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे वैधच ठरवली.

मग न्यायालयाचा निकाल संसदेला फिरवता येतो का?

'हा निकाल आम्हाला मान्य नाही, म्हणून तो रद्द' असे संसद म्हणू शकत नाही. ज्या कायदेशीर पायावर निकाल उभा आहे तो पाया बदलता येतो. मार्च २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितले की, संसद कायदा करेपर्यंत निवडणूक आयुक्तांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि समितीत सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आणला. असा कायदा करण्याची मुभा निकालातच होती. पण तिघांपैकी दोघे सरकारचे असलेली समिती सरकारच्या भवितव्याचा पंच निवडणार, ही रचना निकालाच्या शब्दांत बसली तरी त्याच्या हेतूत बसत नाही.

न्यायाधीशांची नेमणूक कोण करते?

औपचारिकरीत्या राष्ट्रपती, १९९३ आणि १९९८ च्या निर्णयांनंतर वस्तुतः सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींचे न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम. ९९ व्या घटनादुरुस्तीने आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द झाला. न्यायवृंदाच्या कारभारात पारदर्शकता कमी आहे हा आक्षेप खरा आहे. नाव सुचवूनही नेमणूक महिनोन्‌महिने सरकारकडे अडून राहते, हेही तितकेच खरे आहे. न्यायाधीशाला पदावरून दूर करण्यासाठी मात्र दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात.

सभागृहात जे घडते त्यात न्यायालय लक्ष घालू शकते का?

कार्यपद्धतीतील उणिवेच्या कारणावरून नाही. अनुच्छेद १२२ आणि राज्यांसाठी २१२ ते रोखतात. उलट बाजूने, न्यायाधीशांच्या कामकाजातील वर्तनावर सभागृहात चर्चा करण्यास अनुच्छेद १२१ व २११ मनाई करतात. दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवू नये, अशी ही व्यवस्था आहे.

पण उणीव वेगळी आणि घटनाबाह्य कृती वेगळी. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अधिवेशन संपल्यानंतरच्या काळापुरते घटनाबाह्य ठरवले, कारण वर्षभर मतदारसंघ प्रतिनिधीविना राहणे हे हकालपट्टीपेक्षाही वाईट. हकालपट्टी झाली तर निदान पोटनिवडणूक तरी होते. याउलट ११ मे २०२३ रोजी राज्यातील सत्तांतराच्या खटल्यात न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, परंतु अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा असे सांगितले. हा निर्णय येण्यास जानेवारी २०२४ उजाडला. अध्यक्ष येथे न्यायाधीशाचे काम करतात आणि ते एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. या विसंगतीवर अद्याप कोणी औषध शोधलेले नाही.

तहसीलदार आणि प्रांत सुनावण्या घेतात. ते न्यायाधीश आहेत का?

नाहीत, पण ते निमन्यायिक काम करतात. नाशिकमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय जुन्या आग्रा रोडवर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि दोन्हीकडे तारखा पडतात, त्यामुळे पक्षकाराला फरक कळत नाही. न्यायालयातील न्यायाधीश अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात. महसूल अधिकाऱ्याची बदली मंत्रालयातून होते. फरक येथे आहे.

इंग्रजी अमलात हा फरकच नव्हता. कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारी असे, म्हणजे महसूल गोळा करणारा, बंदोबस्त ठेवणारा आणि खटला पुढे पाठवणारा अधिकारी एकच. १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ज्यांची हत्या झाली ते जॅक्सन या दोन्ही पदांवर होते. ही कामे वेगळी करावीत ही मागणी राष्ट्रसभेने (काँग्रेसने) तिच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच लावून धरली होती. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि देशभर हे विभाजन १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झाले.

तरीही उरलेसुरले बरेच आहे. शेताचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. तहसीलदार नोटिसा काढतात, स्थळ पाहणी करतात, पंचनामा होतो, जाबजबाब होतात, रोजनाम्यावर नोंदी पडतात आणि शेवटी अडथळा काढण्याचा हुकूम होतो. त्याच दिवशी तेच अधिकारी निवडणुकीच्या यादीची बैठक, टंचाईचा आढावा आणि एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्याची व्यवस्था पाहत असतात. फेरफाराच्या तक्रारीचे अपील प्रांतांकडे, पुढे जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त अशा पायऱ्या चढत काही प्रकरणे पुनरीक्षणासाठी थेट महसूल मंत्र्यांपर्यंत जातात. सातबाऱ्याच्या नोंदीवर राजकीय पदावरच्या व्यक्तीने निवाडा द्यावा, ही अनुच्छेद ५० च्या हेतूपासून बरीच लांबची गोष्ट आहे. गरिबाला स्वस्तात आणि जवळ दाद मिळते हा या व्यवस्थेचा गुण आहे, तो नाकारता येत नाही.

'चॅप्टर केस' आणि तडीपारी यांची कथा अधिक गंभीर आहे. ग्रामीण भागात चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची कारवाई कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार किंवा प्रांतांपुढे चालते; नाशिक शहरात आयुक्तालय असल्यामुळे हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आहेत. प्रस्ताव पोलिसांचा आणि निर्णयही पोलिसांचा. तडीपारीच्या आदेशावर अपील राज्य सरकारकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होते, म्हणजे पुन्हा कार्यकारी शाखेतच. न्यायाधीशाची नजर पडते ती उच्च न्यायालयात गेल्यावर.

राज्यपालांना कायदा बदलता येतो, हे खरे आहे का?

अनुसूचित क्षेत्रात खरे आहे. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या तालुक्यांना घटनेची पाचवी अनुसूची लागू आहे. तिच्या परिच्छेद ५ नुसार संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा तेथे लागू होणार नाही किंवा फेरबदलासह लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने सांगू शकतात. २०२० मध्ये महाराष्ट्रात या अधिकारानेच वनहक्क कायद्यात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय झाली. विभाजनाच्या तत्त्वाला हा सरळसरळ अपवाद आहे, पण आदिवासींच्या रक्षणासाठी विचारपूर्वक ठेवलेला. इतरत्र राज्यपाल विधेयक अडवून धरतात तेव्हा काय, यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने अभिमत दिले की, न्यायालय संमतीसाठी मुदत घालून देऊ शकत नाही, मात्र कारणाविना दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास निर्णय घेण्याचा मर्यादित आदेश देऊ शकते.

महापालिकेतही अधिकारविभाजन असते का?

न्यायशाखा तेथे नाही, पण ठरवणारे आणि राबवणारे वेगळे असतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला देतात आणि महासभा ते मंजूर करते. नाशिकमध्ये मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकीय राजवट होती. त्या काळात आयुक्त म्हणून तयार केलेले अंदाजपत्रक तेच अधिकारी प्रशासक म्हणून मंजूर करत होते. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही येथे काय हरवले होते ते दिसते: खर्चाच्या बाबीवर उभे राहून 'हे कशासाठी?' असे विचारणारा नगरसेवक.

सरकारी आदेश बेकायदा वाटला तर नाशिकच्या नागरिकाने कोठे जावे?

प्रथम आदेशावर कायद्याचे नाव आणि कलम शोधावे. ते नसेल तर माहिती अधिकारात आदेशाची फाईल आणि टिपण्या मागाव्यात. मूळ कायद्यात अपिलाची तरतूद असेल तर आधी तेथेच जावे लागते, कारण ती पायरी गाळून आलेली याचिका उच्च न्यायालय बहुधा परत पाठवते. अपिलाची मुदत आदेश मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून पोच घेताना तारीख लिहून घ्यावी. कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल, सुनावणीची संधीच दिली नसेल किंवा अधिकार नसताना आदेश दिला असेल, तर अनुच्छेद २२६ खाली थेट रिट याचिका करता येते. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाकडे आहे. जवळच्या धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील प्रकरणे मात्र औरंगाबाद खंडपीठापुढे चालतात, त्यामुळे जमीन किंवा कार्यालय नक्की कोणत्या जिल्ह्यात येते, ते वकीलपत्र देण्यापूर्वीच पाहून घ्यावे.